चाळीस इंचांचा कोट

टेलरमास्तरांनी एकुलत्या एका लेकीच्या लग्नासाठी स्वतःचा कोट आखला, तो पोटाशी चाळीस इंचांचा. पोट त्या दिवशी चव्वेचाळीस भरलं होतं! लग्नाला दीड महिना आहे, तोवर मीच कोटाच्या मापाचा होतो, असं त्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं. वर शिवणीत एक सूतही जादा सोडायचं नाही. माणूस आहे, दोन इंच वाढतोच, असं गिऱ्हाइकांना तीस वर्षं समजावणारा हा गृहस्थ स्वतःची वेळ आली की भलताच करारी व्हायचा.

कापड लेकीने पहिल्या पगारातून आणलेलं. तेवढंच होतं, पुन्हा मिळणारं नव्हतं. दुकानातली कामाची वाटणी ठरलेली होती: खडूच्या खुणा मास्तरांच्या, कात्री बायकोची. खुणा करून मास्तर तडक फिरायला निघाले आणि लग्नाच्या सकाळपर्यंत कोटाचं तोंड पाहणार नाही, अशी शपथही जाता जाता घेऊन गेले. कोट बायकोनेच शिवला आणि चादरीत गुंडाळून कपाटात टांगला.

परगावी नोकरी करणाऱ्या लेकीने पावलं मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र धाडलं. फोनवर बजावलं की नुसतं उपाशी राहू नका आणि नुसतं चालूही नका, दोन्हींचा मेळ घाला. मास्तरांनी मेळाचा सोयीचा अर्थ लावला: जितकी पावलं, तितका पाव.

यंत्र मोज्यात खोचून पहिल्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत जाऊन धापा टाकत परतले. पावलं जेमतेम नऊशे. तोंड पाडून ते पायमशीनवर बसले, यंत्र मोज्यातच विसरले आणि संध्याकाळी पाहतात तर अठरा हजार! आपण दुकानात एवढे वावरतो हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. फिरायला जाण्याची गरज उरली नाही.

काम वाढलं तशी पावलं वाढली, पावलं वाढली तसं पावावरचं लोणीही वाढलं. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. येता-जाता ते कपाटाच्या दाराला हात लावून पाहत. पट्टा एक भोक पुढे का सरकला, असं बायकोने विचारलं, तेव्हा चामडं आटतं म्हणाले.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि लेक आली. मास्तर मशीनवर होते. त्यांनी ऐटीत यंत्र काढून दिलं: सव्वीस हजार. लेकीने एकदा आकड्याकडे पाहिलं, एकदा बाबांच्या पोटाकडे. मग यंत्र परत मोज्यात खोचून त्यांना बसल्याबसल्या एक लांब शिवण मारायला लावली. सव्वीस हजार चाळीस.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही महिनाभर बसून चाललात."

मास्तर ताडकन मशीनवरून उठले. टेप लावली तर सेहेचाळीस. लेकीच्या पहिल्या पगाराचं कापड आपल्या बढाईपायी वाया गेलं, या विचाराने त्यांना भडभडून आलं. पुढचे आठ दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं. काकडी खात टेबलाभोवती फेऱ्या, उभ्यानेच काजं, जिन्यावरून वर-खाली. गिऱ्हाइकांची मापंसुद्धा त्यांच्याभोवती फिरत घेतली. इतकं करून पोट अर्धा इंच उतरलं.

लग्नाच्या सकाळी त्यांनी डोळे मिटून कोट अंगात घातला. तिन्ही बटणं लागली! गिऱ्हाइकाच्या खांद्यावर नुसती नजर टाकून अर्धा इंच ओळखणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोटावरचे सहा इंच त्याला कळले नाहीत. टेप जुनी झाली, दुसरं काय, म्हणून त्यांनी तिच्यावर खापर फोडलं आणि मांडवात गेले. तिथे त्यांनी तुंदिलतनू व्याह्यांना गाठून आहार आणि व्यायाम यांच्या मेळावर तासभर पिडलं. व्याही बिचारे माना डोलवत राहिले.

जेवणाच्या टेबलावर मात्र मास्तरांनी ताट दूर सारलं. एवढ्या कष्टाने मिळवलेलं माप, ते एका जेवणात घालवायचं का?

बायकोने ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं.

"तुम्ही फिरायला गेलात, तेव्हाच मी कोट खुणेच्या बाहेरून कापला," ती कानाशी येऊन म्हणाली. "शिवणीत अजून दोन इंच आहेत. जेवा पोटभर."

मास्तरांनी कोटाची शिवण चाचपली. मग त्यांनी खालचं बटण सोडलं आणि पाव मागितला.