अर्ध्या दाढीचा वार्ताहर

"सगळ्यांनी बातमी टाकली, आपणच तोंडाला कुलूप लावून बसलोय!" वर्तमानपत्राचे संपादक फोनवर कडाडले. "पूल कोसळला, एवढंच बोलायचंय. आत्ता लाइव्ह जा, नाहीतर उद्यापासून घरीच बस."

वर्तमानपत्रासाठी घरूनच लाइव्ह बातम्या देणारी सूनबाई तशी घरीच होती. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला, समोर 'पूल कोसळला' लिहिलेली चिठ्ठी. खातरजमा न करता बोलायला मन कचरत होतं, पण नोकरीही हवी होती. तिने लाइव्हचं बटण दाबलं आणि नेमक्या त्याच क्षणी आतून लेकीने टाहो फोडला. सगळं तसंच टाकून ती धावली.

तेवढ्यात सासरे बाहेर आले. एका गालाला साबण, दुसरा गुळगुळीत. त्यांनी त्याच वर्तमानपत्रात वार्ताहर म्हणून हयात घालवली होती. 'छापून येत नाही, ती बातमीच नव्हे,' हा त्यांचा बाणा. सुनेचं काम म्हणजे त्यांच्या लेखी हवेतल्या गप्पा.

त्यांनी चिठ्ठी वाचली. "कोसळला? सांगितलं कोणी?" म्हणत त्यांनी स्वतःचा जुनाट फोन काढून पुलाजवळच्या पंक्चरवाल्याला लावला.

"कोसळला?" पलीकडून आवाज घुमला. "साहेब, मी पुलावरच उभाय! हातभर कठडा तुटलाय फक्त. कोसळला असता तर तुमचा फोन काय माशांनी उचलला असता?"

"एकाच्या सांगण्यावर बातमी होत नाही," सासरे पुटपुटले आणि त्यांनी अग्निशामक दलाला फोन लावला.

"गाडी दारातच उभीय, काका. सकाळपासून नुसते फोन विझवतोय!"

सूनबाई लेकीला कडेवर घेऊन परतली आणि जागीच थिजली. पडद्यावर सासरे होते. हजारो लोक बघत होते. कोणीतरी विचारलंही होतं, 'आजोबा, दुसरा गाल कधी?'

घरच्या लँडलाइनवर संपादकांचा फोन आला. आता संपलंच!

"सर, चुकून..."

"खबरदार बंद केलंस तर! सगळ्यांनी पूल पाडलाय, आपलाच तेवढा उभाय!"

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर तीच बातमी झळकली, फेसासकटच्या फोटोसह. सासऱ्यांनी ती दोनदा वाचली. "आता छापून आलं," ते घसा खाकरत म्हणाले, "म्हणजे तुझी ती लाइव्ह बातमी होती म्हणायची." सुनेने मान खाली घालून हसू गिळलं. आयुष्यभर दोन ठिकाणी विचारल्याशिवाय एक ओळ न लिहिलेल्या माणसाकडून मिळालेली ही पावती तिला पगारवाढीहून मोठी वाटली.

तिने पुन्हा फोन डब्याला टेकवला, तर सासरे हजर. एका गालाला ताजा फेस.

"बाबा, दाढी पूर्ण करून या की!"

"वेडी का तू?" खुर्ची ओढत ते म्हणाले. "वाचकांना ओळख पटायला नको?"