प्लॉट नंबर एकवीस

शेजारच्या भंगारच्या आवारात एक जुना फ्रीज आठ दिवस दार उघडं टाकून पडला होता. राजनंदिनीनं तो गॅलरीतून रोज पाहिला. तिची मुलगी नुकती चालायला लागली होती, आणि चालायला लागलेलं पोर कुठवर जाईल याचा काय भरवसा! शिवाय होटगी रस्त्याला, भरवस्तीत, भंगारचा धंदा कायदेशीर असेलच कसा?

"असेल परवानगी," नवरा शिवकुमार म्हणाला. "आपण फ्लॅट घेतला तेव्हा ते होतेच की."

'असेल' या शब्दावर राजनंदिनीचा विश्वास नव्हता. भंगारवाले हुसेनसाब फाटकाशी खुर्ची टाकून बसत आणि ती दिसली की सलाम करत. इतक्या अदबीनं सलाम करणारा माणूस काहीतरी लपवतोय, अशी तिची खात्रीच झाली. एकदा तिनं परवानगीचं विचारलं, तर शहाऐंशी सालचा कागद आहे म्हणाले. दाखवा म्हटल्यावर मात्र त्यांना एकदम आतलं कुठलंसं काम आठवलं.

झालं. तिनं महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, मग तक्रार, मग तक्रारीची आठवण करून देणारी पत्रं. एवढं झाल्यावर मोजणीसाठी सिद्धलिंगप्पा नावाचे साहेब आले. त्यांनी टेप ओढली, नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि राजनंदिनीच्या पार्किंगमध्ये येऊन थांबले.

"परवानगी पक्की हाय ताई. भंगार साठवण, प्लॉट नंबर एकवीस."

"मग संपलंच."

"न्हाय ना. एकवीस नंबर हितं हाय. तुमी उभ्या हाय तितं. फाटकवाला प्लॉट बावीस. तो राहण्यासाठी."

हुसेनसाबांना बोलावलं. त्यांनी मान खाली घालून सांगितलं. एकविसात ट्रक वळत नव्हता. बावीसवाला संगप्पा दोस्त होता. तू माझ्यात ये, मी तुझ्यात जातो, असं ठरलं. दोघं चहा प्यायले, आणि अदलाबदल झाली. कागदाला कुणी हात लावला नाही. संगप्पा गेल्यावर त्याच्या मुलांनी ताब्यातली जागा बिल्डरला विकली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" राजनंदिनीनं संशयानं विचारलं.

"म्हणून तर कागद दावला न्हाय बेटी. तुमचं घर भंगारच्या जागेत निघालं असतं की."

आता तर ते निघालंच होतं. साहेबांनी दोन नोटिसा लिहिल्या, एक फाटकाला, एक इमारतीला. इमारतीचा वापर महिनाभरात बंद करा, नाहीतर कागदावर जागेची दुरुस्ती करून घ्या. दुरुस्तीला दोन्ही शेजाऱ्यांची ना-हरकत लागणार होती.

शिवकुमारनं नोटिशीची घडी घालून ती राजनंदिनीच्या तक्रारींच्या फायलीत सगळ्यात वर लावली.

दुसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन राजनंदिनी फाटकात गेली. भंगारपासून आपल्याला काहीही त्रास नाही, असं तिनं स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहून दिलं. हुसेनसाबांनी ते सुनेकडून, सबिहाकडून, तीनदा वाचून घेतलं. तिच्या आधीच्या पत्रांनंतर त्यांनाही कुठे डाव असेल अशी शंका होती. मग त्यांनी सांगितलं तसं सबिहानं लिहिलं:

"माझ्या भंगार गोदामात बारा कुटुंबं राहतात. गॅलरीतून दिवसभर आमच्याकडे बघत असतात. तरी माझी हरकत नाही."

राजनंदिनीनं ते दोनदा वाचलं. खोटं म्हणावं असं त्यात एकही वाक्य नव्हतं.