ढोल कोणी नेला, याबाबतचा कार्यालयीन निर्णय

वजनमापे तपासणी कार्यालयात दर सोमवारी सकाळी प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली ताजी आवड जाहीर करावी, असा आदेश निघाला तेव्हा त्यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. साहेब नुकतेच एका प्रशिक्षणाला जाऊन आले होते. जिथे लोक एकमेकांना मालिका, गाणी, चित्रपट सुचवतात तिथे कामाचा उरक वाढतो, असं त्यांना तिथे कळलं होतं. आदेशात म्हटलं होतं, 'प्रत्येकाने गेल्या आठवड्यात स्वतःस सापडलेली एक कलाकृती उत्साहाने सांगावी. उत्साह उपलब्ध नसल्यास तसे आगाऊ कळवावे.'

पहिल्या सोमवारी मजा आली. दुसऱ्या सोमवारी साहेबांच्या लक्षात आलं की लोक सांगतात, पण ऐकणारे पुढे काही करत नाहीत. मग सुचवलेली प्रत्येक गोष्ट प्रत्येकाने गुरुवारपर्यंत अनुभवून अभिप्राय द्यावा, असं ठरलं. इथून गाडी उताराला लागली. एकाने सुचवायचं, बाकी सगळ्यांनी बघायचं, आणि सुचवणारे तर सगळेच. लोक जेवताना बघू लागले, मग दुप्पट वेगाने बघू लागले, मग ज्यांनी बघितलं त्यांच्याकडून ऐकू लागले. व्हरांड्यात तपासणीला आलेले तराजू एकावर एक चढले. तराजू घेऊन ताटकळणाऱ्या दुकानदारांनाही आत घेण्यात आलं. कांदेबटाटेवाल्याला शिक्का हवा असेल तर त्याने आधी एक नवं गाणं सुचवायचं. बिचाऱ्याने एक जुनंच गाणं सांगितलं, तर त्याला पुन्हा रांगेत उभं केलं.

या सगळ्यात एकच माणूस मनापासून सुखात होता. तपासलेल्या वजनांवर सरकारी शिक्का मारणं हे त्याचं काम, म्हणून सगळे त्याला शिक्केवाले म्हणत. शिक्केवाल्यांना खरोखरच एक मालिका आवडली होती. गोष्ट साधीच होती. एका गावाच्या बँडपथकाचा मोठा ढोल नाहीसा होतो, आणि सगळं गाव एकमेकांकडे संशयाने बघू लागतं. शिक्केवाले ती बायकोबरोबर बघत होते. बायको दवाखान्यात कामाला, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे दोघं एकत्र घरी असतील त्याच संध्याकाळी एक भाग, असा नियम. तिचा संशय बँडमास्तरच्या बहिणीवर होता, यांचा बासरीवाल्यावर. जो हरेल त्याने भांडी घासायची, अशी पैज होती.

गेली काही वर्षं त्या घरातलं बोलणं गॅस संपला आणि नळ गळतोय एवढ्यावर येऊन थांबलं होतं. आता बायको दारातूनच विचारायची, "अहो, बासरीवाला जर चोर असेल तर त्याने कुलूप कशाला दुरुस्त केलं?" आणि शिक्केवाले चपला काढता काढता भांडायला सुरुवात करायचे. शिक्केवाल्यांना त्या ढोलाचं फारसं काही नव्हतं. त्यांना ते भांडण हवं होतं, आणि ते शेवटच्या भागापर्यंत असंच चालावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पण सोमवार कोणाला चुकलाय? शिक्केवाल्यांची पाळी आली आणि त्यांनी भाबडेपणाने ढोल सांगून टाकला. इतका खरा उत्साह त्या खोलीत आजवर कोणी पाहिला नव्हता. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ढोलाला 'महिन्याचा शोध' जाहीर केलं, आणि गुरुवारी अख्ख्या कार्यालयाचे अभिप्राय आले. सगळ्यांची मालिका संपली होती, सगळ्यांना शेवट जबरदस्त वाटला होता. शिक्केवाल्यांचा शेवटचा भाग तेवढा राहिला होता.

तेव्हापासून शिक्केवाल्यांचं जिणं अवघड झालं. टायपिस्टबाई चहा पिताना नुसतं "शेवटी मात्र…" म्हणाल्या की हे उठून मोठ्याने खोकत बाहेर जायचे. लेखापाल जिन्यात भेटले तर हे दोन पायऱ्या उलट चढायचे. डबा त्यांनी व्हरांड्यात, तराजूंच्या मागे बसून खायला सुरुवात केली. आणि बायकोच्या पाळ्या काही जुळेनात.

शेवटी व्हायचं तेच झालं. साहेबांनी बैठकीत सहज विचारलं, "शिक्केवाले, शेवटाबद्दल तुमचं मत काय?" शिक्केवाल्यांनी खरं सांगितलं. खोलीत अशी शांतता पसरली की बाहेर एक तराजू आपोआप खाली बसला तेही ऐकू आलं. ज्याने शोध लावला त्यानेच तो पुरता पाहिलेला नाही! साहेब, टायपिस्टबाई आणि लेखापाल अशा तिघांची समिती नेमण्यात आली. आरोप होता, 'स्वतःच्या आवडीबाबत गंभीर मागासलेपण'.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. साहेबांनी अत्यंत सहानुभूतीने दोन पर्याय ठेवले. शिक्केवाल्यांनी इथल्या इथे समितीकडून शेवट ऐकून अद्ययावत व्हावं, म्हणजे प्रकरण मिटेल. नाहीतर सीमेवरच्या शाखेत बदली, तिथून घरी यायला फक्त रविवार.

शिक्केवाले मनात हिशोब करू लागले. बदली घेतली तर बायकोबरोबरच्या संध्याकाळीच संपणार. शेवट ऐकला तर घरी जाऊन काय करायचं? तिच्यासमोर खोटं खोटं भांडायचं? ती चेहऱ्यावरून ओळखेल, आणि पुन्हा गॅस आणि नळ सुरू होईल.

"साहेब, माझी ही एवढी एक गोष्ट राहू द्या," ते म्हणाले. "बाकी तुम्ही सुचवाल ते सगळं बघतो."

"अहो, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय," साहेब म्हणाले. "ऐका. ढोल पाववाल्याने नेला."

शिक्केवाल्यांनी डोळे मिटले. सगळं संपलं होतं. तेवढ्यात टायपिस्टबाईंचा आवाज आला, "पाववाल्याने? साहेब, ढोल हरवलेलाच नसतो. तो कोठीतच असतो, हाच तर त्यातला गाभा आहे."

"कोठीत कसा असेल?" लेखापाल म्हणाले. "मुख्याध्यापकाने तो नदीत टाकला. मी रडलो त्या प्रसंगाला."

शिक्केवाल्यांनी एक डोळा उघडला. पुढे जे झालं ते फार वेळ चाललं. साहेबांना शेवट त्यांच्या मेहुणीने सांगितला होता. टायपिस्टबाईंनी एका अभिप्रायाचा सारांश वाचला होता. लेखापालांना तो दातांच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना कोणीतरी सांगितला होता, आणि ते नक्की कशाने रडले होते हे आता ठरवणं कठीण होतं. शिक्केवाल्यांच्या छातीवरचं ओझं असं उतरलं की त्यांना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडात धरला. समितीला वाटलं पश्चात्ताप झाला.

आता शेवटचा भाग लावून बघितला असता तर अर्ध्या तासात निकाल लागला असता. पण तसं केल्यास गुरुवारचे सगळे अभिप्राय खोटे ठरले असते, आणि कार्यालयाची अब्रू गेली असती. म्हणून साहेबांनी रीतसर मार्ग काढला. मतदान घेण्यात आलं. साहेबांच्या बाजूने साहेबांचं मत पडलं आणि अध्यक्ष म्हणून त्यांचंच आणखी एक. ठराव झाला, 'ढोल पाववाल्याने नेला असे या कार्यालयापुरते मानण्यात यावे. यापेक्षा वेगळा शेवट आढळल्यास तो संबंधित निर्मात्यांची चूक समजावी.'

ठरावावर शिक्का हवा होता. शिक्केवाल्यांनी तो असा दणक्यात मारला की टेबलावरचे चहाचे कप हलले. बदली टळली. उलट, प्रामाणिक सहकार्याबद्दल त्यांना त्या दिवशी लवकर घरी सोडण्यात आलं.

बायको घरीच होती. दोघांनी शेवटचा भाग लावला आणि एकदाही न थांबवता बघितला. मग भांडण झालं, आजवरचं सगळ्यात चांगलं. हरणाऱ्याने भांडी घासली, जिंकणारा पुसत उभा राहिला, आणि भांडी संपल्यावरही दोघं मोरीपाशीच बोलत राहिली. कोण हरलं हे सांगितलं की ढोल कोणी नेला तेही कळेल, म्हणून सांगत नाही. सोमवारी साहेबांनी विचारलं तेव्हा शिक्केवाले गंभीरपणे "पाववाल्याने" म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तुम्हाला मात्र चुटपुट लागली असेल. ढोल कोणी नेला हे स्वतःसाठी नव्हे, उद्या कोणाला तरी सांगायला हवं असेल. काही हरकत नाही, तोवर ही गोष्ट पाठवा. कोणाला पाठवायची ते मघाशी मधल्या परिच्छेदांवरून भरभर खाली येतानाच तुम्ही ठरवलं असेल. पाठवल्या पाठवल्या उत्तर येईल, 'वाचली. शेवट जबरदस्त!' त्यावर तुम्ही लिहा, 'हो ना.'