खोक्यांच्या भिंती

"सगळं पेशंटना विचारून करायचं!" असं हॉस्पिटलच्या अधीक्षकांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या मनात सगळं आधीच ठरलेलं होतं. नव्या ओपीडीचा आराखडा तयार होता आणि त्यात कोपऱ्यातली ऐसपैस केबिन साहेबांची होती. निम्मी नोकरी बिचाऱ्यांनी जिन्याखालच्या खोलीत काढली होती! बायकोने तर केबिनची बातमी माहेरी कळवूनही टाकली होती. फक्त हॉस्पिटलच्या ट्रस्टच्या अध्यक्षांची एक अट होती: पेशंट आणि त्यांची माणसं 'हो' म्हणाली पाहिजेत.

"म्हणतील की! चहा पाजू, माना डोलावतील," साहेब सिस्टरना म्हणाले.

सिस्टर नुसत्या "बरं" म्हणाल्या. हेच 'बरं' बायकोच्या तोंडून आलं असतं, तर साहेब वेळीच सावध झाले असते.

कागदावरचा नकाशा लोकांना काय कळणार, म्हणून साहेबांनी हॉलमध्ये औषधांची रिकामी खोकी रचून खऱ्या मापाच्या भिंती उभ्या केल्या. इथेच घात झाला. नकाशावर माणूस फार तर बोट ठेवतो. खोकं उचलता येतं!

सुरुवात गुडघे धरलेल्या एका आजींनी केली.

"साहेब, संडास कुठाय?"

"त्या टोकाला, आजी."

"तिथवर पोचेपर्यंत मला त्याची गरजच उरायची नाही!"

हॉल हसला. साहेबही हसले आणि फसले. कारण सासऱ्यांना नेहमी तपासणीला आणणारी एक सूनबाई ओढणी खोचून पुढे आली. "साहेब, जरा या खुर्चीत बसा बघू."

सासऱ्यांना बाकावर टेकवून तिने साहेबांना व्हीलचेअरमध्ये बसवलं आणि निघाली ढकलत! संडासाच्या दारात चाक अडकलं. तिने जोर लावला, तशी भिंत साहेबांच्या मांडीवर आली!

"जुन्या ओपीडीत दर वेळी असंच होतं," ती म्हणाली. "फक्त तिथे भिंत पडत नाही, मामंजी रडकुंडीला येतात."

साहेबांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. "मग करा की दार रुंद!" ते बोलून गेले.

एवढंच हवं होतं! दार रुंद झालं, म्हणून बेसिन सरकलं. बेसिन सरकलं, म्हणून नातेवाइकांचा बाक हलला. पण संडास अजून लांबच! मग आजींची नजर कोपऱ्याकडे गेली.

"ही जागा जवळ आहे. इथे काय आहे?"

"साहेबांची केबिन," सिस्टर म्हणाल्या.

"साहेब तिथे काय करतात?"

"सह्या."

"सह्यांना एवढी जागा?"

"अहो, ती माझी..." साहेब म्हणेपर्यंत संडास कोपऱ्यात पोचलासुद्धा!

आणि नेमके तेव्हाच अध्यक्ष दारात! त्यांनी पाहिलं: व्हीलचेअरमध्ये साहेब, मांडीवर खोकं आणि केबिनच्या जागी पेशंटसाठी प्रशस्त संडास. त्यांचे डोळेच भरून आले.

"स्वतःची केबिन दिलीत? वर स्वतः खुर्चीत बसून तपासताय!"

"नाही, म्हणजे मी..."

"किती हा विनय! मंजूर! अगदी असंच बांधायचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात वाजवत होत्या सिस्टर.

संध्याकाळी बायकोने दारातच गाठलं. "झाली ना मंजूर? मोठी आहे ना हो केबिन?"

साहेबांनी बूट काढायला बराच वेळ लावला.

"मोठी आहे," ते म्हणाले. "व्हीलचेअरसुद्धा आतल्या आत वळते."