नियमातला हिरवा

अहेरीतल्या घराच्या पडवीत रंजीता एका बटणाचा हिरवा रंग तपासत बसली होती. विडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना आपले पुडे नोंदवता यावेत म्हणून पुण्याची एक कंपनी मोबाइल ॲप करत होती. त्याची प्रत्येक स्क्रीन कंपनीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे आहे की नाही, हे पाहायचं काम रंजीताचं. अक्षर केवढं, बटणाचे कोपरे किती गोल, दोन ओळींत अंतर किती, सगळं त्या छापील पुस्तिकेत होतं. घरून काम करायची मुभा तीन महिन्यांपुरतीच. काम चोख झालं तर कायम, नाहीतर पुणं.

वैशाखातली दुपार. शेजारच्या अंगणातून ताज्या पानांचा हिरवा वास येई, डोळे जड होत आणि स्क्रीनवरच्या चौकटी पाण्यात पडल्यासारख्या हलू लागत. तशातही 'नोंदवा' हे बटण तिला खटकलं. पुस्तिकेतल्या हिरव्या ठिपक्याशेजारी मोबाइल धरला, तर बटण पिवळट. तिनं चूक कळवली. ॲप लिहिणारा पवन मूळचा राजुऱ्याचा, सरळ माणूस. त्यानं रंग जरा निळसर केला. तरी पिवळटच. त्यानं आणखी निळसर केला. सहा दिवसांत असं नऊ वेळा झालं.

मग त्याचा फोन आला. "ताई, मले तं हे आता आभाळासारखं निळं दिसून राह्यलं."

"मी पुस्तकाशी जुळवून राह्यली ना," रंजीता शांतपणे म्हणाली. "अजून थोडं कर."

दहाव्या खेपेला रंग तंतोतंत जुळला. तिनं 'योग्य' असा शेरा दिला आणि ॲप आधीपासून वापरून पाहणाऱ्या चाळीस बायांच्या मोबाइलवर हे नवं बटण गेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची रुखमाबाई पानांचे पुडे बांधून झाल्यावर पडवीत टेकली. तिनं आपला मोबाइल रंजीताच्या मोबाइलजवळ ठेवला. रंजीताच्या मोबाइलवर बटण हिरवं, रुखमाबाईच्या मोबाइलवर निळंशार. डोळ्यांना आराम म्हणून रंजीतानं आपल्या स्क्रीनला पिवळी छटा लावली होती, ती काढायचीच राहिली होती. मनातल्या मनात ती पुण्याच्या गाडीत बसलीसुद्धा. हे निळं उद्याच काढायला लावते, असं ती कसंबसं म्हणाली.

"काऊन काढतं, पोरी?" रुखमाबाई म्हणाली. "हिरवं होतं तवा झाडाखाली मले गवसतच नोहतं. काचेत सारी पानंच दिसत. हे बरं हाय."

रंजीतानं झालेली चूक न लपवता कंपनीला लिहिली, खाली रुखमाबाईचं बोलणंही जसंच्या तसं उतरवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांचं पत्र आलं. बटण निळंच राहील, पुस्तिकेतला नियमही तसा बदलला आहे, आणि रंजीतानं कायम घरूनच काम करावं. तिनं ते दोनदा वाचलं. मग तिला उमगलं, की उरलेल्या एकशे बारा स्क्रीनवरची हिरवी बटणं आता नियमाबाहेर गेली होती आणि ती एकेक करून पवनला कळवायची होती तिनंच.

तिनं फोन लावला. पवननं उचलला नाही.