पाणी सोडलेला वाफा

मुकादमांनी या सुट्टीचा जमाखर्च घरून निघण्याआधीच मनात मांडून ठेवला होता, आणि त्यात खर्चाची बाजू पार कोरी होती. जमेला मात्र बरंच काही होतं. मित्राचं गावाबाहेरचं ऐसपैस घर, घराला रुंद व्हरांडा, व्हरांड्यात वेताची आरामखुर्ची आणि खुर्चीसमोर दुसऱ्याने घाम गाळून फुलवलेली बाग. बायकोला हवापालट, सासूबाईंना बोलायला नवे विषय, मेव्हण्याला हातपाय पसरायला जागा, आणि या तिघांना आपण आणलं म्हणून आपल्या पदरात वर्षभर पुरेल एवढा मोठेपणा. शिवाय या सगळ्याचं नाव काय, तर मित्राला मदत!

मित्र दंतवैद्य होता. त्याला आणि त्याच्या बायकोला पंधरवड्यासाठी लांबच्या नातलगांकडे जायचं होतं, आणि घर-बाग कुणाच्या भरवशावर टाकायची हा प्रश्न होता. मुकादमांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. मित्राच्या अडचणीला नाही धावायचं तर मैत्री कशाला म्हणतात, असं ते म्हणाले आणि सहकुटुंब आरामखुर्चीच्या दिशेने धावले.

खरी मेख वेगळीच होती. दंतवैद्य बोलता बोलता म्हणून गेला होता की, बाग नीट सांभाळलीस तर घराची एक चावी तुझ्याकडेच ठेव, दर सुट्टीत येत जा. तेव्हापासून ती चावी मुकादमांच्या कानात किणकिणत होती. कार्यालयात बसल्या बसल्या ते ती कुठल्या जुडग्यात अडकवायची हेसुद्धा ठरवून मोकळे झाले होते.

मुकादम हे काही त्यांचं आडनाव नव्हे. ते एका मोठ्या कार्यालयात पत्रव्यवहाराचे प्रमुख होते. हाताखालच्यांनी लिहिलेल्या पत्रांतल्या चुकांभोवती लाल गोल काढणं हे त्यांचं काम. घरातही त्यांनी कधी काडी उचलली नव्हती. मात्र दुसरा काडी उचलत असला की ती कुठून धरावी, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नसे. हे नाव सासूबाईंनी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे बायकोच्या तोंडूनही निसटायला लागलं.

निघायच्या दिवशी दंतवैद्याची गाडी सुरू होती, बायको आत बसून घाई करत होती आणि दंतवैद्य खिडकीतून सूचना देत होता. पुढच्या गुलाबांना सकाळी पाणी घाल. वाटाण्याच्या वेलांना आधार हवाय, जमलं तर बघ. गाडी फाटकाबाहेर पडता पडता त्याने शेवटचं वाक्य मागे टाकलं, "आणि मागच्या वाफ्यावर पाणी सोडलंय. तिकडे बघायला नको."

गाडी गेली. मुकादम मागे दोन्ही हात बांधून बागेची पाहणी करायला निघाले. मागे बायको, तिच्यामागे मेव्हणा, आणि सर्वांत मागे सासूबाई. पानगळ नुकतीच सरत आली होती. कुंपणाची झुडपंसुद्धा अजून उघडीबोडकी होती. पण मागच्या वाफ्याची अवस्था बघून मुकादमांना खरंच वाईट वाटलं. वाफ्यात नुसत्या तपकिरी काड्या उभ्या होत्या. पान नाही, फूल नाही, काही नाही. जुन्या शाळेतल्या छड्या कुणीतरी वाळत घातल्यासारख्या.

"पाणी सोडलंय म्हणाला," मुकादमांनी उसासा टाकला. "बिचारा."

बायकोची चप्पल तोवर चिखलात रुतली होती. ती म्हणाली, "अहो, इथे सगळं ओलं आहे. पाणी सोडलंय म्हणजे नळी सोडली असेल."

मुकादम हसले. नवीन कारकुनाने 'आशीर्वाद' चुकीचा लिहिला की ते असेच हसत. "अगं, पाणी वाफ्यात सोडतात. वाफ्यावर पाणी सोडलं याचा अर्थ त्याची आशा सोडली. भाषा कळायला हवी."

बायकोने चप्पल उपसली आणि विषय सोडला. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणसाला कशावर पाणी सोडायचं ते कळतं.

एवढ्यात मेव्हण्याला पालापाचोळ्याखाली खरोखरच एक रबरी नळी सापडली. तिच्यातून बारीक धार चालू होती. मुकादमांनी त्यावरही मत दिलं. माणूस एकदा निराश झाला की त्याचं नळाकडेसुद्धा लक्ष राहत नाही, असं ते म्हणाले आणि मेव्हण्याला नळ बंद करायला लावून त्यांनी नळी गुंडाळून ठेवायला सांगितली.

त्या दुपारी आरामखुर्चीत पडल्या पडल्या त्यांना ती कल्पना सुचली. मित्राने ज्याची आशा सोडली, तो वाफा आपण स्वच्छ करून ठेवायचा. परत आल्यावर त्याला मोकळी, भुसभुशीत, भांग पाडल्यासारखी जमीन दिसली पाहिजे. मग चावी कुठे जाते? नुसती सांभाळलेली बाग काय, कुणीही देईल. सुधारलेली बाग देणारा मित्र विरळा!

आरामखुर्ची मागच्या अंगणात आली. ती मेव्हण्याने आणली. मेव्हण्यानेच काड्या उपटायला घेतल्या, आणि ओल्या मातीतून त्या इतक्या बिनबोभाट निघू लागल्या की दंतवैद्याच्या घरात एवढ्या सहज काही उपटलं जात असेल असं कुणाला वाटलं नसतं. मुकादम खुर्चीतून सांगत होते, कमरेतून वाक, मनगटातून ओढ. मेव्हण्याचा हात असा काही बसला की वाफा संपला तरी त्याला थांबवेना. मग मुकादमांनी त्याला कुंपणाकडे वळवलं. वाढलेल्या फांद्या छाटल्या गेल्या, त्यांचे सरळसोट तुकडे झाले आणि तेही त्याच ढिगावर येऊन पडले. सासूबाईंनी ढिगातून चांगल्या धडधाकट काड्या निवडल्या आणि वाटाण्याच्या वेलांना आधार म्हणून रोवल्या. बायकोने दाताळ्याने माती विंचरली. दिवस कलला तेव्हा वाफा असा दिसत होता की जणू त्यात कधी काही उगवलंच नव्हतं.

उरलेल्या ढिगाची शेकोटी करायचं ठरलं. हे काम मात्र मुकादमांनी स्वतःकडे घेतलं. पेटवायचा मान मोठ्याचा. त्यांनी काडेपेटीतून काडी काढली, आणि घरातला फोन वाजला. बायकोने तो लांब वायरीसकट मागच्या दारापर्यंत आणून त्यांच्या कानाला लावला.

"अरे, एक राहिलंच," दंतवैद्य म्हणत होता. "मागचा नळ बंद कर. मी पाणी सोडलं ते तसंच चालू असेल."

मुकादमांच्या एका हातात काडी होती आणि समोर काड्यांचा ढीग होता. "कुठे सोडलंस?"

"वाफ्यावर. निघताना सांगितलं नव्हतं का?"

"तू 'वर' म्हणालास. 'वाफ्यात' नाही म्हणालास."

"वर काय, आत काय, पाणी शेवटी खालीच जातं ना? थांब, हिला बोलायचंय."

वहिनींचा आवाज आला. "भाऊजी, त्या काड्या म्हणजे आमच्या माहेरची द्राक्षाची वेल आहे. घर विकलं, घेणाऱ्यांनी वेल तोडून टाकली. दादाने तेवढ्या काड्या छाटून माझ्यासाठी आणल्या. आता कुठे मूळ धरत असतील. दुसरं कुणी असतं तर मी आलेच नसते हो. तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे."

"वहिनी," मुकादम म्हणाले, "तुमच्या एकूण एक काडीवर माझी नजर आहे."

यात खोटं काहीच नव्हतं. सगळ्या त्यांच्या डोळ्यांसमोरच पडल्या होत्या.

फोन खाली ठेवल्यावर मुकादमांनी काडी काडेपेटीत परत घातली. मग त्यांनी मेव्हण्याला कुदळ घ्यायला सांगितली. मेव्हण्याने कमरेवर हात ठेवून कळवलं की कमरेतून वाकल्यामुळे कंबर धरली आहे. त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको म्हणाली, "मला भाषा कळत नाही," आणि चहा टाकायला आत गेली.

आरामखुर्ची रिकामी दिसल्यावर सासूबाई तीत बसल्या.

आणि मग आयुष्यात पहिल्यांदाच मुकादमांनी काडी उचलली. उचलली खरी, पण ती वेलीची की कुंपणाची? पानं दोघींनाही नव्हती. रंग तोच, जाडी तीच. त्यांनी एक काडी हुंगली, एक वाकवून पाहिली, एक तर चावूनही पाहिली. शेवटी ठरवलं की निवडत बसायचं नाही, सगळ्याच लावायच्या. त्यात वेलीच्या असणारच. दुसरी पंचाईत याहून मोठी होती. काडीचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं? ढिगात पडून सगळ्यांची दोन्ही टोकं चिखलाने सारखीच माखली होती. उपटताना मेव्हण्याने बघितलं नव्हतं, आणि बघायला सांगायचं मुकादमांना सुचलं नव्हतं. म्हणून त्यांनी न्यायबुद्धीने एक काडी या टोकावर आणि दुसरी त्या टोकावर, असा क्रम लावला.

"जावईबापू, ती तिसरी वाकडी झाली," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "कमरेतून वाका. आणि ती काडी कुठून धरलीत? खालून धरावी."

"खालचं टोक कुठलं तेच तर कळत नाहीये."

"मग वरून धरा. काम थांबवू नका."

अंधार पडेपर्यंत वाफा भरला. मग वाटाण्याचे आधार काढायचे होते. सासूबाईंनी ते आनंदाने परत दिले, पण वेलांना दुसरे आधार दिल्याशिवाय नाही. दुसऱ्या दिवसापासून मुकादम पहाटे उठू लागले. त्यांनी नळी स्वतः उलगडली, स्वतः सोडली, धार हाताच्या ओंजळीत तोलून बघितली. सगळे पत्ते खेळत बसले की ते वाफ्यापाशी उकिडवे बसून काड्यांची समजूत काढत. बायकोने एकदा चोरून ऐकलं, ते एका काडीला म्हणत होते, "बाई, माझ्याकडे नाही, तर वहिनींकडे बघून तरी फूट." पंधरवडा सरत आला तेव्हा तळहाताला फोड आले होते, पाठ सरळ होत नव्हती आणि वाफ्यात मात्र जागोजाग हिरवे ठिपके फुटले होते.

दंतवैद्य आणि वहिनी परत आले. वहिनी घरात न शिरता थेट मागे गेल्या. मुकादम मागोमाग गेले, आणि त्यांच्या मागे सगळं कुटुंब, ज्याला त्याला कधी नव्हे इतका बागेत रस आला होता.

वहिनी वाफ्याजवळ बसल्या. एका कोवळ्या हिरव्या पानाला त्यांनी बोट लावलं, मग कुंपणाकडे पाहिलं. पुढे सरकल्या. एक काडी जमिनीतून हलकेच उपसली, उलटी केली आणि पुन्हा खोचली. मग आणखी एक. मग आणखी एक.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "कुठल्याही काडीला कोंबाचे डोळे असतात. ते वर बघायला लागतात. तुम्ही निम्म्यांचे जमिनीकडे लावलेत."

निम्म्या काड्यांचे डोळे जमिनीकडे होते. आता मुकादमांचेही तिकडेच वळले. ते सगळं सांगायला लागले: वाफ्यात आणि वाफ्यावर यांतला फरक, नळी, शेकोटी, काडेपेटी. दंतवैद्य मध्येच हसू दाबत होता. रुग्णाच्या तोंडात बघताना त्याला ती सवय लागली होती. वहिनी ऐकत होत्या, पण त्यांचं लक्ष वाफ्याच्या एका कोपऱ्यात होतं. तिथल्या एका काडीवर लवदार, गुलाबीसर कोंब फुगला होता. कुंपणाला असा कोंब येत नाही. वहिनींनी तो बराच वेळ बघितला, मग शेजारचा दुसरा शोधला, मग तिसरा. डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी पदराने टिपलं.

"आहे," त्या म्हणाल्या. "माहेरची आहे. आणि भाऊजी, तुम्ही तिला सोबतही भरपूर दिलीत."

मुकादमांना कळेना, हसावं की पाया पडावं.

"पानं मोठी झाल्याशिवाय बाकीच्यांत वेल कुठली नि कुंपण कुठलं हे पक्कं कळायचं नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "मग एकेक कुंपण हलक्या हाताने काढायचं, वेलीच्या मुळाला धक्का न लावता. हे काम मी दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ज्याने लावलंय त्यालाच ते आठवणार." आणि त्यांनी पर्समधून चावी काढून मुकादमांच्या फोड आलेल्या तळहातावर ठेवली. "या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत, त्याच्या पुढच्याही. येताना जुने कपडे आणा."

निघताना दंतवैद्य गाडीच्या खिडकीशी आला. गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मागच्या वाफ्यात पाणी घातलंय. 'घातलंय' म्हणालो, ऐकलंस ना?"

घरी जाताना मुकादमांनी जमाखर्च पुन्हा मांडला. वहिनींना माहेर परत मिळालं. दंतवैद्याला कायमचा माळी मिळाला. मेव्हण्याला कंबरदुखीच्या नावाखाली पंधरवडाभर पत्ते मिळाले. बायकोला उरलेल्या संसाराला पुरेल असं एक वाक्य मिळालं, आणि सासूबाईंना आरामखुर्ची. चावी मुकादमांना मिळाली. खर्चाच्या बाजूला एकाच माणसाचं नाव होतं.

मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं, पुढच्या सुट्टीत जावईबापूंचा जरा विश्रांती घ्यायचा विचार आहे का.

"त्यावर," मुकादम म्हणाले, "मी पाणी सोडलंय."

"सोडलंय की घातलंय?" बायकोने विचारलं.