मायनेबुवांनी विधिमंडळाच्या समितीवर केलेल्या स्वारीची हकीकत

वाचणारांस क्षेम असो आणि ऐकणारांस सबुरी लाभो. पूर्वी थोर थोर मोहिमा जाहल्या, त्यांत हत्ती होते, तोफा होत्या. या मोहिमेत चाकांची खुर्ची चढवायच्या फळीची एकच गाडी होती, आणि ती फळीही खडखडे. तथापि जे घडले ते जैसे तैसे लिहिले आहे, कोणाची फजिती झाकिली नाही.

ऐसीजे, कचेरीच्या फाटकाबाहेर मेज टाकून लोकांचे अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ होते. अर्जाचा मायना ते इतका लांबवीत की मूळ मागणी कागदाच्या तळाशी अंग चोरून बैसे. म्हणोन गल्लीत त्यांस मायनेबुवा म्हणत, आणि बुवांस तो किताब वाटे. त्यांची कन्या सत्तावीस वर्षांची, चाकांच्या खुर्चीत बैसे, आणि मुखाने शब्द फुटत नसल्याने अक्षरांच्या पाटीवर एकेक अक्षर बोटाने दाखवून बोले. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात पुठ्ठ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवी, आणि वाकडी चिठ्ठी तिच्या हातून गेलेली कोणी पाहिली नाही. दिव्यांगसेवेची गाडी रोज सकाळी तिला व आणखी पाच जणांस कामावर पोहोचवी. बुवांस मात्र एक खोड होती. कन्येने दोन अक्षरे दाखविली की उरलेले वाक्य ते आपणच पुरे करीत, आणि बहुतकरून चुकीचे. तिने खिडकी उघडा म्हणावे, तो बुवांनी शाल आणून पांघरावी.

तो वर्तमान आले की दिव्यांगसेवेच्या निधीस कात्री लागणार आणि गाडी बंद पडणार. मंगळवारी समिती अर्जदारांचे म्हणणे ऐकेल, माणशी तीन मिनिटे, ऐसा हुकूम होता. मग बुवांच्या स्वयंपाकघरात खलबत बैसले. शिंपीणबाई, जिचा धाकटा भाऊ त्याच गाडीने जाई, ती म्हणाली, "बुवा, तीनच मिनिटं आहेत हो. थोडक्यात आटपा." बुवा म्हणाले, "अहो, मागणी थोडक्यातच आहे." आणि त्यांनी फर्मान सोडले की बोलणे आम्ही जातीने करू, लेकीने शेजारी बैसावे. कन्येने पाटीवर काही दाखवू पाहिले, तो दोन अक्षरांतच बुवा उत्तरले, "हो हो, निळा सदरा इस्त्री करून ठेवलाय." कन्येने डोळे मिटून घेतले.

मंगळवारी फौज कूच जाहली. लिफ्टमध्ये एका वेळी एकच खुर्ची मावे, सबब चौथ्या मजल्याची चढाई पाऊण तास चालली, आणि मग बुवा घसा खाकरून उभे राहिले. त्यांनी अध्यक्षीणबाईंस सर्व उपपदांसह वंदिले, मग सभासदांस एकेक करून वंदिले, मग लघुलेखकास, मग दाराशी उभ्या शिपायासही वंदिले, आणि "तरी विनंती ऐसीजे" इतके म्हणतात तो टणकन घंटा वाजली. गाडीचा ग सुद्धा मुखातून निघाला नव्हता. बुवा मटकन खाली बैसले; गाडी आपणच बुडविली ऐसे त्यांस वाटले.

तेव्हा पुढले नाव पुकारले गेले, ते कन्येचे. तिने ते शिंपीणबाईकरवी आधीच नोंदविले होते. स्वयंपाकघरात ती "मी बोलते" इतकेच सांगू पाहात होती. आता ती अक्षरे दाखवू लागली आणि शिंपीणबाई मोठ्याने वाचू लागली. "बाबांचं" इतके होताच बुवांच्या जिभेवर पुढले वाक्य आयते आले की बाबांचे उपकार फिटणार नाहीत. परंतु कन्येने अशी नजर टाकली की त्यांनी रुमाल तोंडात धरिला. घंटा वाजली. शिंपीणबाई म्हणाली, "माझी तीन मिनिटं हिला द्या." पुन्हा वाजली, तो तिच्या भावाने आपली दिली, मग गाडीच्या चालकाने. सत्तावीस वर्षांत आपण लेकीचे एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकिले नाही, हे बुवांस तेथे कळले, आणि त्यांस फार लाज वाटली.

वाक्य पुरे जाहले ते येणेप्रमाणे: "बाबांचं तीन मिनिटं ऐकलंत. गाडी बंद झाली तर मी दिवसभर ऐकणार. मला कामाला जायचंय."

प्रथम लघुलेखक हसला, मग शिपाई, मग सारी समिती. अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. त्या बुवांकडे पाहून म्हणाल्या, "पुरावा आम्ही प्रत्यक्ष ऐकलाय." मग हुकूम जाहला की निधीची कात्री मागे घ्यावी, गाडी तीन वर्षे चालू ठेवावी, आणि पाटीवर बोलणारास घंटा लावू नये. मोहीम फत्ते जाहली. फत्ते कन्येची, मायनेबुवा पुराव्यादाखल कामी आले, ही नोंद पक्की करावी.

ही हकीकत खुद्द बुवांनीच लिहिली. आरंभी अकरा पानांचा मायना होता, तो कन्येने काढविला. पुढे परतीच्या मिरवणुकीचे वर्णन करावे म्हणोन बुवांनी लेखणी उचलली, तो कन्येने पाटी ओढिली. पहिल्या दोन अक्षरांतच बुवांस सारे उमगले. तरी लेखणी खाली ठेवून, हात जोडून, ते शेवटल्या अक्षरापर्यंत थांबले.

"बाबा, आता पुरे."